'काकेरु'चे पंचवीस अर्थ पाठ करण्याआधी मराठीतल्या 'लावणे'कडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या जेएलपीटीसाठी, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेसाठी, एन-४ पातळीची तयारी चालू आहे. 'काकेरु' हे जपानी क्रियापद पुस्तकात आधी फोनच्या धड्यात आलं, मग चष्म्याच्या, मग कुलपाच्या. म्हणून शब्दकोश उघडलात, तर इंग्रजी अर्थांची ही मोठी यादी. प्रत्येक अर्थाचं वेगळं कार्ड केलंत, पण वाक्य समोर आलं की नेमका अर्थ आठवत नाही. त्यात 'काकारु' आणि 'त्सुकेरु' यांचा घोळ. हे सगळे अर्थ पाठ करावेच लागतात का, की यामागे काही सूत्र आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते आणि मधूनमधून कारखान्यांत दुभाष्याचं काम करते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो. माझ्या मते तुमची खरी अडचण अर्थांच्या संख्येची नाही. तुम्ही हे क्रियापद इंग्रजीतून शिकताय, तिथे गाडी अडली आहे. इंग्रजीत चष्म्याचं क्रियापद वेगळं, फोनचं वेगळं, कुलपाचं वेगळं, त्यामुळे एका शब्दाचे वीस तुकडे होतात आणि तुकड्यांत काही नातं दिसत नाही. तुम्ही प्रश्न उत्तम मराठीत लिहिलाय, आणि मराठीत हे नातं आयतं तयार आहे.

पण आधी हे सांगते की 'सगळे' अर्थ हवेत का, ते जपानी कशासाठी हवं आहे यावर ठरतं. नुसती परीक्षा द्यायची असेल तर एन-४च्या शब्दांच्या भागातला एक प्रश्नप्रकार लक्षात ठेवा: एक शब्द देतात, खाली चार वाक्यं देतात, आणि त्यातल्या एकाच वाक्यात तो शब्द बरोबर वापरलेला असतो. तिथे नुसता अर्थ माहीत असून भागत नाही. शब्द कोणाच्या संगतीत शोभतो ते कळावं लागतं. या परीक्षेत बोलायचं किंवा स्वतः वाक्य लिहायचं नसतं, त्यामुळे ओळखता आलं तरी पुरतं. पुढे चाकण-रांजणगावकडे जपानी कंपनीत काम करायचं असेल तर मात्र तोंडात बसावं लागतं, आणि तिथले उपयोगही निराळे असतात. मांगा (जपानी चित्रकथा) किंवा मालिकांसाठी शिकत असाल तर जादू आणि शाप यांच्याबरोबर येणारं 'काकेरु' तुम्हाला आधी भेटेल. पाया मात्र सगळ्यांचा एकच, म्हणून मी तेवढाच नीट मांडते.

जपानी शब्द इथे देवनागरीत लिहिते आहे. 'काकेरु'तला 'का' आखूड म्हणा. 'ओ' हा कर्माचा प्रत्यय, 'गा' कर्त्याचा, आणि 'नि' म्हणजे आपल्याला इथे सगळ्यात जास्त लागणारा प्रत्यय.

आता ही वाक्यं मोठ्यानं वाचा. 'मेगाने ओ काकेरु': चष्मा लावणे. 'देन्वा ओ काकेरु': फोन लावणे. 'कागि ओ काकेरु': कुलूप लावणे. 'ओन्गाकु ओ काकेरु': गाणी लावणे. 'बुरेकि ओ काकेरु': ब्रेक लावणे. 'झेइकिन ओ काकेरु': कर लावणे. 'शिन्पाइ ओ काकेरु': जिवाला घोर लावणे. यातल्या एकाही ठिकाणी मी ओढूनताणून भाषांतर केलेलं नाही. आपण घरात रोज असंच बोलतो. शब्दकोशात अलग अलग दिसणारे हे अर्थ मराठी कानाला एकाच घरातले वाटतात.

प्रत्ययही बघा. दाराला कुलूप लावणे: 'दोआ नि कागि ओ काकेरु'. भिंतीला चित्र लावणे: 'काबे नि ए ओ काकेरु'. आईला घोर लावला: 'हाहा नि शिन्पाइ ओ काकेता'. जिथे मराठीत 'ला', तिथे जपानीत 'नि'. जे लावायचं त्याला 'ओ', ज्याला लावायचं त्याला 'नि'. हा सांगाडा एकदा डोक्यात बसला की वाक्यात 'नि' आणि 'ओ' कुठे आहेत एवढंच शोधायचं, अर्थ बराचसा आपोआप उलगडतो.

या सगळ्यांच्या मुळाशी असलेली कल्पना मी वर्गात अशी सांगते: एखादी गोष्ट दुसरीवर अशी आणायची, की तिचा भार, तिचं आवरण किंवा तिचा परिणाम त्या दुसरीवर राहील. चित्राचा भार खिळ्यावर येतो, चष्म्याचा नाकाकानावर. काळजीचा भार आईच्या मनावर. जपानी घरात लहानपणापासून शिकवतात की 'हितो नि मेइवाकु ओ काकेनाइ', म्हणजे दुसऱ्याला आपला त्रास होऊ द्यायचा नाही. इथेही त्रास ही वस्तू आहे आणि माणूस ही ती टेकण्याची जागा. कामाच्या पत्रांत 'गो-मेइवाकु ओ ओकाके शिते मोशिवाके गोझाइमासेन' हे वाक्य इतकं येतं की ते अख्खंच पाठ करून टाका: आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला, क्षमस्व.

ही कल्पना हाती आली की जिथे मराठी 'लावणे' चालत नाही तिथलं 'काकेरु'ही पटायला लागतं. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालणे हे 'फुतोन ओ काकेरु'. म्हणूनच अंगावर घ्यायची गादीसारखी जाड रजई ती 'काकेबुतोन', आणि खाली अंथरायची ती 'शिकिबुतोन'. शर्टाला इस्त्री करणे हे 'शात्सु नि आइरोन ओ काकेरु', आणि फरशीवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे हे 'युका नि सोजिकि ओ काकेरु', कारण यंत्र त्या पृष्ठभागावरून फिरतं, आपला परिणाम त्यावर सोडतं. दवाखान्यात किंवा कार्यालयात गेलात की स्वागतकक्षातली बाई म्हणते, 'दोझो ओकाके कुदासाइ'. 'बसा' असा अर्थ. मूळ शब्दप्रयोग 'कोशि ओ काकेरु', कंबर टेकवणे. आपणही पाहुण्याला 'जरा टेका' म्हणतोच की.

जेवणाच्या टेबलावरचा फरक तर परीक्षेत आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे उपयोगी पडतो. थंड टोफूवर वरून सोया सॉस घालतात: 'तोफु नि शोयु ओ काकेरु'. पण साशिमीचा, म्हणजे कच्च्या माशाचा, तुकडा सोया सॉसच्या वाटीत बुडवून खातात, ते 'शोयु ओ त्सुकेरु'. पावाला लोणी फासणे हे 'नुरु'. वरून पडतं ते काकेरु, टेकवून किंवा बुडवून घेतात ते त्सुकेरु, पसरवून फासतात ते नुरु. भातावर भुरभुरवायच्या मसाल्याला 'फुरिकाके' म्हणतात, आणि नुसता गरम रस्सा ओतलेल्या उदोनला (जाड नूडल्सना) 'काके-उदोन'. खाद्यपदार्थांच्या नावांत लपलेलं क्रियापद दिसायला लागलं की शब्द विसरला जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आता 'काकारु'. तुमचा निम्मा गोंधळ इथला आहे आणि इथेच मराठी सगळ्यात जास्त मदतीला येते. 'काकेरु' म्हणजे लावणे, 'काकारु' म्हणजे लागणे. कोणीतरी करतो ते काकेरु, आपसूक होतं किंवा होऊन बसलेलं असतं ते काकारु. मराठीत अशा जोड्या हव्या तेवढ्या आहेत: पाडणे-पडणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे, फाडणे-फाटणे. जपानीतही आहेत: 'शिमेरु-शिमारु' (बंद करणे, बंद होणे), 'तोमेरु-तोमारु' (थांबवणे, थांबणे), 'आत्सुमेरु-आत्सुमारु' (जमवणे, जमणे). शेवटी 'एरु' ते करणारं, 'आरु' ते होणारं, हा साचा या कुळातल्या जोड्यांत दिसतो. इंग्रजीत काच फोडतो आणि काच फुटते याला एकच शब्द चालतो, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद मुद्दाम बाणवावा लागतो. तुम्ही तो बोलायला शिकलात तेव्हापासून पाळताय.

वेळ लागतो: 'जिकान गा काकारु'. पैसे लागतात: 'ओकाने गा काकारु'. कर लागतो: 'झेइकिन गा काकारु'. रोगाची लागण होते: 'ब्योकि नि काकारु'. (साध्या सर्दीला मात्र 'काझे ओ हिकु' म्हणतात, ते वेगळंच शिका.) मनाला रुखरुख लागून राहते: 'कि नि काकारु'.

एक वाक्य जरा जवळून बघू. 'दोआ नि कागि गा काकात्ते इते, नाका नि हाइरेमासेन देशिता.' दाराला कुलूप लागलेलं होतं, म्हणून आत जाता आलं नाही. 'कागि' म्हणजे किल्ली, आणि कुलूप लावण्याच्या संदर्भातही हाच शब्द. 'काकात्ते इरु' हे रूप शिकताना पुस्तकात 'करत आहे' असा अर्थ आधी आलेला असतो, त्यामुळे बरेच जण इथे 'कुलूप लागत आहे' असं वाचतात. तसं नाही. कुलूप लागून झालंय आणि अजून तसंच आहे, ही स्थिती. मराठीत 'लागलेलं आहे'. आणि कोणीतरी काही हेतूनं लावून ठेवलंय हे सांगायचं असेल तर 'कागि गा काकेते आरु'. 'लागलेलं आहे' आणि 'लावून ठेवलंय' यात तुम्हाला जो फरक ऐकू येतो, तोच जपानी माणसाला या दोन रूपांत ऐकू येतो. तसंच 'मेगाने ओ काकेते इरु हितो' म्हणजे चष्मा लावलेला माणूस. या क्षणी चष्मा नाकावर चढवत असलेला असा अर्थ तिथे नसतो.

कारखान्यात या फरकाला फार किंमत आहे. हायड्रॉलिक प्रेसच्या दुरुस्तीला जपानी इंजिनीअर उभा आहे आणि विचारतो, 'आत्सुर्योकु गा काकात्ते इमासु का?' तो विचारतोय, आत्ता लाइनमध्ये प्रेशर आहे का. उत्तर 'हो' असेल तर जोड उघडायचा नाही. 'प्रेशर देताय का' असं भाषांतर झालं तर मशीनजवळचा माणूस हात झटकून 'नाही' म्हणेल, कारण तो काहीच देत नसतो, आणि आत मात्र प्रेशर अडकलेलं असू शकतं. नवीन दुभाष्यांना मी हे वाक्य सगळ्यात आधी देते. त्याच शॉपफ्लोअरवर 'मो सुकोशि आत्सुर्योकु ओ काकेते कुदासाइ' म्हणजे अजून थोडा प्रेशर द्या. 'फुका ओ काकेरु' म्हणजे लोड देणे, 'देन्आत्सु ओ काकेरु' म्हणजे व्होल्टेज देणे. इथे मराठीत आपण 'देणे' म्हणतो, पण सांगाडा तोच: जिच्यावर भार आणायचा ती वस्तू 'नि'ला, जो भार आणायचा तो 'ओ'ला.

इथवर मराठी आपल्या बाजूनं होती. आता ती कुठे दगा देते ते सांगते, कारण यावर विसंबून सगळीकडे 'काकेरु' ठोकलंत तर जपानी माणूस बुचकळ्यात पडेल.

दिवा, टीव्ही, पंखा, एसी हे आपण लावतो, पण जपानीत ते 'त्सुकेरु'. गाणी लावणे काकेरु, टीव्ही लावणे त्सुकेरु. रेडिओला दोन्ही ऐकू येतात. गाडीचं इंजिन मात्र 'काकेरु' आणि आपोआप सुरू होणं 'काकारु'. याला तर्क शोधत बसू नका, जोड्या म्हणूनच लक्षात ठेवा. झाड लावणे 'उएरु'. मलम लावणे 'नुरु'. हात लावणे 'सावारु'. दार नुसतं लोटून लावणे 'शिमेरु'. किल्ली फिरवली की काकेरु. क्लास लावणे, डबा लावणे, रांग लावणे यांत काकेरु कुठेच नाही. भूक लागणे 'ओनाका गा सुकु', तहान लागणे 'नोदो गा कावाकु'. फोन 'लागत नाही' म्हणजे पलीकडे जोडला जात नाही, हे सांगायला जपानी लोक बहुधा 'त्सुनागारानाइ' म्हणतात. आणि आपल्याला फोन आला तर 'देन्वा गा काकात्ते किता'.

मराठीतली दोन सहायक रूपंही दूर ठेवा. 'तो बोलू लागला' यातल्या 'लागला'ला जपानीत 'हाजिमेरु' जोडतात: 'हानाशिहाजिमेता'. 'मला जावं लागतं' याला तर 'नाकेरेबा नारानाइ' हा पूर्ण वेगळा साचा आहे.

नजरेचंही ध्यानात असू द्या. 'मे ओ काकेरु' ऐकून कोणाला 'नजर लावणे' आठवेल, पण त्याचा अर्थ अगदी उलट्या दिशेचा आहे: वरिष्ठानं एखाद्यावर विशेष मर्जी ठेवणे, त्याच्याकडे आपुलकीनं लक्ष देणे. 'ओमे नि काकारु' हे मोठ्या व्यक्तीला भेटण्याचं नम्र रूप. पहिल्या भेटीत 'हाजिमेते ओमे नि काकारिमासु' म्हणतात.

सगळ्यात नाजूक फरक वेळेच्या बाबतीत आहे, आणि तो मला कोणत्याही शब्दकोशापेक्षा विद्यार्थ्यांची पत्रं तपासताना जास्त दिसला. मराठीत 'वेळ लागला' हे साधं विधान आहे, पण 'वेळ लावला' यात तक्रार असते. 'किती वेळ लावलास!' जपानीत 'जिकान ओ काकेरु' याला बहुतेक वेळा चांगला सूर असतो: मुद्दाम वेळ दिला, घाई केली नाही. 'जिकान ओ काकेते त्सुकुत्ता र्योरि' म्हणजे निगुतीनं केलेला स्वयंपाक. त्यामुळे उत्तराला उशीर झाला म्हणून माफी मागताना 'मी वेळ लावला' याचं शब्दशः रूप लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, यांनी विचारपूर्वक वेळ घेतला, मग माफी कसली? तिथे 'ओहेन्जि गा ओसोकु नारि, मोशिवाके आरिमासेन' असं लिहायचं: उत्तराला उशीर झाला, माफ करा. पैशाचंही तसंच. 'ओकाने गा काकारु' म्हणजे खर्च येतो, बहुधा कुरकुरीच्या सुरात. 'ओकाने ओ काकेरु' म्हणजे आपण होऊन पैसा ओततो, घरावर, छंदावर, मुलांच्या शिक्षणावर.

एन-३कडे, म्हणजे वरच्या पातळीकडे, जाल तेव्हा सांगाडा थोडा फिरलेला दिसेल. 'फुरुइ नि काकेरु' म्हणजे चाळणीतून काढणे, 'हाकारि नि काकेरु' म्हणजे काट्यावर वजन करणे, 'काइगि नि काकेरु' म्हणजे विषय बैठकीपुढे ठेवणे, 'साइबान नि काकेरु' म्हणजे खटल्याला उभं करणे. इथे जी गोष्ट पारखायची ती 'ओ'ला जाते आणि ज्यावर पारखायची ते साधन किंवा ती सभा 'नि'ला. नीट बघितलंत तर नियम मोडलेला नाही: 'नि' अजूनही टेकण्याच्या जागेलाच चिकटलेला आहे. मराठीत 'पणाला लावणे' आहे ना, तसंच. आणि योगायोग असा की पैज लावणे, पणाला लावणे हेही जपानीत काकेरुच. लिहिताना त्याचं कांजी (चिनी वळणाचं चित्राक्षर) निराळं, कवडीचं चिन्ह असलेलं, म्हणजे पैशाशी नातं सांगणारं. पण शब्दाचं कूळ तेच. 'इनोचि ओ काकेरु' म्हणजे जीव पणाला लावणे. आपल्या 'जीव लावणे'शी त्याची गल्लत करू नका, ती माया निराळी.

दुसऱ्या क्रियापदाला मागून चिकटणारं 'काकेरु' एन-३च्या आसपास भेटतं. 'योमिकाके नो होन' म्हणजे अर्धवट वाचून ठेवलेलं पुस्तक, 'इइकाकेते यामेता' म्हणजे बोलता बोलता थांबला. सुरुवात झाली आणि तिथेच राहिलं, असा भाव. पण 'हितो नि हानाशिकाकेरु' म्हणजे कोणाशी तरी आपणहून बोलायला जाणे. तिथे 'नि' लावून समोरचा माणूस दाखवलेला असला की काकेरु दिशा सांगतं, अर्धवटपणा नाही. 'देकाकेरु' (बाहेर पडणे), 'ओइकाकेरु' (पाठलाग करणे), 'मिकाकेरु' (सहज दृष्टीस पडणे) हे सरळ स्वतंत्र शब्द म्हणून शिका, त्यांची फोड करण्यात वेळ घालवू नका. हवामानाच्या बातम्यांत 'कोन्या कारा आसु नो आसा नि काकेते' ऐकाल: आज रात्रीपासून उद्या सकाळपर्यंतच्या पट्ट्यात.

उरले उच्चारात सारखे वाटणारे शब्द. 'काकु' म्हणजे लिहिणे, त्याचं 'लिहिता येतं' हे रूपही 'काकेरु'च. घोड्यासारखं दौडणे तेही काकेरु, पण रोजच्या बोलण्यात धावण्याला 'हाशिरु' म्हणतात. कपाचा कडा उडणे, चंद्र कलेकलेनं घटणे हेही काकेरु. मात्र तोक्योच्या प्रमाण उच्चारात या शेवटच्याचा सूर सपाट राहतो, आणि लावण्याच्या काकेरुत 'के'वर चढून 'रु'ला उतरतो. ऐकण्याच्या पेपरात सुरापेक्षा प्रत्ययच जास्त मदत करतात: 'कान्जि गा काकेरु' म्हणजे कांजी लिहिता येतात, 'त्सुकि गा काकेरु' म्हणजे चंद्र घटतो. 'ओ' आणि 'नि' दोन्ही ऐकू आले की बहुतेक वेळा लावण्याचंच काकेरु. गणितातलं काकेरु मात्र लावण्याच्याच कुळातलं, गुणिले या अर्थाचं: 'सान काकेरु योन वा जूनि', तीन गुणिले चार बारा. जपानी मुलं दुसरीत पाढे पाठ करतात तेव्हा हा शब्द गाळतात आणि 'सान शि जूनि' असं लयीत म्हणतात.

रूपांचा घोळही इथेच मिटवून घ्या. 'काकेरु'ची रूपं 'काकेमासु, काकेते, काकेता, काकेनाइ'. 'काकारु'ची 'काकारिमासु, काकात्ते, काकात्ता, काकारानाइ'. कानाला 'काकेते', 'काकात्ते', 'काइते' (लिहून) आणि 'काशिते' (उसनं देऊन) जवळचे वाटतात. 'कागि ओ काकेते कुदासाइ' म्हणजे कुलूप लावा, 'कागि ओ काशिते कुदासाइ' म्हणजे किल्ली द्या जरा. या दोन वाक्यांचा सराव कोणाला तरी समोर बसवून, डोळे मिटून, ऐकून करा.

आता तुमच्या कार्डांचं काय करायचं. इंग्रजी अर्थ लिहिलेली कार्डं बाजूला ठेवा. नव्या कार्डावर एका बाजूला रिकाम्या जागेचं पूर्ण जपानी वाक्य लिहा, प्रत्ययासकट, आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या घरच्या मराठीत तुम्ही जे म्हणाल ते. 'घरच्या' हे मुद्दाम म्हणते. कोणाच्या घरी चष्मा लावतात, कोणाच्या घरी घालतात. कोणी फोन लावतं, कोणी करतं. तुमच्या बोलीत जिथे लावणे आहे तिथे ते लिहा, नसेल तिथे जे आहे ते लिहा. माझी वाक्यं उतरवून घेऊ नका. घरात कोकणी असेल तर 'लावप-लागप', हिंदी असेल तर 'लगाना-लगना' हीच जोडी तितकीच चांगली चालते.

प्रत्येक काकेरुच्या कार्डाला त्याचं काकारु आणि त्याचा विरुद्ध शब्द जोडा. विरुद्ध शब्द वेगवेगळे आहेत, म्हणूनच त्यांनी अर्थ पक्का होतो: कुलूप 'आकेरु' (उघडणे), चष्मा 'हाझुसु' (काढणे), फोन 'किरु' (कट करणे), इंजिन 'तोमेरु' किंवा 'किरु'. दाराशी उभं राहून कुलूप लावताना 'कागि ओ काकेरु' म्हणा, लावून झाल्यावर हात काढून 'कागि गा काकात्ते इरु' म्हणा, उघडताना 'कागि ओ आकेरु'. वर्गात मी हे खरं कुलूप घेऊन करून घेते.

परीक्षेपुरतं बोलायचं तर फोन, चष्मा, कुलूप, भिंतीवरचं चित्र, खाण्यावर ओतणं, वेळ आणि पैसा, काळजी आणि त्रास, 'ओकाके कुदासाइ' एवढं डिसेंबरच्या आधी पक्कं करा. चाळणी, खटला, 'मे ओ काकेरु' हे सगळं नंतर आलं तरी चालेल. आणि हे हातात बसलं की लगेच 'त्सुकेरु-त्सुकु'ची जोडी घ्या, दुसरं कुठलं क्रियापद मध्ये आणू नका. कारण आपल्या लावणे-लागणेचा उरलेला मोठा वाटा तिच्याकडे आहे. दिवा लागला, 'देन्कि गा त्सुइता'. सवय लागली, 'कुसे गा त्सुइता'. या दोन जोड्या शेजारी ठेवून शिकलात तर टीव्हीला काकेरु आणि फोनला त्सुकेरु लावण्याची चूक फारशी होणार नाही.